भाकरी किती झाल्या? पूर आणि टाळेबंदी यांच्यामध्ये सापडलेल्या एका कोल्हापुरी घराचा हिशोब

हे प्रकरण २०२० च्या मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांतलं आहे. मी कोल्हापुरातल्या काही महिला बचत गटांचे हिशोब बघते, आणि या घरातली सून त्यातल्या एका गटात आहे. घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पेठेचं नावही मुद्दाम देत नाही. घरात ज्याला जे म्हणतात तेच मी इथं वापरते: वहिनी, दादा, मामा म्हणजे सासरे, आत्ती म्हणजे सासूबाई. मुलं दोन. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत.

पार्श्वभूमी

घर नदीकडच्या बाजूला, दोन खोल्या आणि वर माळा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत कंबरभर पाणी आलं. वर्षाचं धान्य, शिलाई मशीनची मोटर, कपाट, गाद्या आणि मे महिन्यात घातलेली वर्षाची चटणी, सगळं गेलं. सानुग्रह अनुदान मिळालं, पण भिंतींचं प्लास्टर, फरशी आणि नवं कपाट त्यात बसणारं नव्हतं. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये दादांनी ओळखीच्या पतसंस्थेतून १ लाख २० हजार काढले. व्याज १४ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता ४,१०० रुपये.

टाळेबंदीत अडचणीत आलेल्या घरांबद्दल बोलताना कोल्हापूरच्या बाबतीत ही गोष्ट सुटून जाते. इथल्या नदीकाठच्या घरांची शिल्लक सात महिन्यांपूर्वीच पाण्यात गेली होती. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. तेव्हा या घरात बँकेत ६,८०० आणि डब्यात १,१०० रुपये होते.

दादा शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमध्ये ऑपरेटर. ओव्हरटाइम धरून महिन्याला साडेपंधरा हजार. वहिनी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, त्यातून साडेचार हजार. मामांची पेन्शन १,४५०. म्हणजे सगळे मिळून साडेएकवीस हजारांच्या आत.

खर्च असा: पतसंस्था ४,१००, गाडीचा हप्ता २,३५०, भिशी २,०००, किराणा ५,०००, रोज दीड लिटर म्हशीचं दूध म्हणजे जवळपास २,५००, वीज ९००, गॅस ७५०, मामांची बीपी-शुगरची औषधं ९००, मुलीची शिकवणी १,२००, मोबाइल ४५०, पेट्रोल १,०००. बेरीज २१,१५०. जेमतेम जुळणारं गणित होतं, आणि ते जुळायचं ते ओव्हरटाइम आणि लग्नसराईतल्या ब्लाउजांच्या जोरावर.

अडचण

मार्चचा पगार ११ एप्रिलला आला, ओव्हरटाइम नाही म्हणून १३,०००. एप्रिलचा अर्धा, ६,५००. मे महिन्याच्या उत्तरार्धात मशीनशॉप एक दिवसाआड सुरू झालं. पण फाउंड्रीतले परप्रांतीय मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे कामगार, गावी गेलेले. मोल्डर नाही तर कास्टिंग नाही, आणि कास्टिंग नाही तर मशीनवर लावायचं काय? मे महिन्याचे ५,००० मिळाले. मालक वाईट नव्हता, त्याची स्वतःची बिलं वरच्या कंपन्यांकडे अडकली होती.

वहिनींची कमाई तर एका दिवसात शून्यावर आली. लग्नसराई गेली. अकरा ब्लाउज शिवून तयार होते, पण न्यायला कोणी येऊ शकत नव्हतं. साडेतीन हजार रुपये खुंटीला टांगून राहिले.

पहिल्या आठवड्यात जे झालं ते मी नंतर वहीत पाहिलं. हातात ७,९००. त्यातून ४ एप्रिलला भिशीचे २,००० आणि ६ एप्रिलला पतसंस्थेचे ४,१०० गेले. शिल्लक १,८००. सात तारखेला गाडीचा हप्ता खात्यातून कापायला आला आणि पैसे नाहीत म्हणून परत गेला. बँकेनं त्याबद्दल ५९० रुपये दंड लावला. किराणा दुकानदाराच्या वहीवर सुरू झाला.

हा क्रम बघितला की घराचं मन कळतं. ज्यांच्यासमोर मान खाली जाईल त्यांना आधी पैसे, मग घराला. दादा म्हणाले, “पतसंस्थेचा हप्ता चुकला तर गल्लीतनं मान खाली घालून जायला लागंल, ताई.” त्यांना दोष देणं मला जमत नाही. ज्या गल्लीत पुराच्या वेळी लोकांनी एकमेकांना खांद्यावरून बाहेर काढलं, तिथं पत हीच पुंजी असते. पण त्या ५९० रुपयांत, अर्धा लिटरच्या हिशोबानं, तीन आठवड्यांचं दूध आलं असतं.

समोर असलेले मार्ग

एप्रिलच्या मध्यावर वहिनींनी मला मास्क शिवायचं काम आहे का म्हणून फोन केला. बोलता बोलता हे सगळं बाहेर आलं. पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी सातला त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवायच्या आणि आम्ही फोनवर बोलायचो. स्पीकर चालू, सगळे भोवती बसलेले.

आत्तींच्या दोन पाटल्या होत्या. त्या मोडायच्या की तारण ठेवायच्या, हा पहिला विषय. पण गुजरी, म्हणजे इथला सराफ बाजार, बंद होती, मोडायला जाणार कुठं? आत्ती रडल्या नाहीत, उलट त्याच म्हणत होत्या, “घ्या की, मला घालून कुठं जायाचंय.” आम्ही थांबलो. पुढं ऑगस्टमध्ये सोन्याचा दर तोळ्याला पंचावन्न हजारांच्या वर गेला, त्यामुळे तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. खरं सांगायचं तर तो बंद दुकानांनी घेतलेला निर्णय होता.

दुसरा मार्ग पीएफचा. २८ मार्चला नियम बदलून तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते परत न भरण्याच्या अटीवर काढायची सोय झाली होती. दादांच्या खात्यात ७४,००० होते. मूळ पगार ९,५००, म्हणजे २८,५०० मिळाले असते. मी यासाठी आग्रह धरला. मामांनी सरळ नकार दिला. “पीएफ म्हंजे म्हातारपणाची काठी. आत्ताच मोडून चुलीत घालू नगा.” घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा शब्द मी मोडला नाही. आज मला वाटतं, निदान दहा हजार काढायला हवे होते. त्याचं कारण पुढं येईल.

तिसरा मार्ग हप्त्यांचा. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं १ मार्च ते ३१ मे या काळातले हप्ते पुढं ढकलायची सवलत जाहीर केली होती. दादांच्या मोबाइलवर फायनान्स कंपनीचा मेसेजही आलेला, त्यांनी तो वाचलाच नव्हता. गल्लीत बोललं जात होतं की तीन हप्ते माफ झाले. माफ काहीच नव्हतं, व्याज चालूच राहणार होतं. गाडीचं बाकी कर्ज ३१,००० आणि व्याज १६ टक्के, म्हणजे महिन्याला सव्वाचारशेच्या आत. दोन महिने थांबायची किंमत आठशे-साडेआठशे रुपये, आणि त्या बदल्यात हातात राहणार ४,७००. त्या वेळी हे स्वस्तच होतं.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. त्यामुळे ती सवलत तिथं आपोआप लागू नव्हती. ज्याची मान खाली जायची भीती, तिथंच जाऊन मागायचं होतं.

निर्णय

गाडीच्या हप्त्यासाठी दादांनी १७ एप्रिलला मेसेजला उत्तर दिलं. एप्रिल आणि मे पुढं ढकलले. २२ मे रोजी सवलत ऑगस्टपर्यंत वाढली तेव्हा पुन्हा विचार झाला. जूनपासून हप्ता भरायचं ठरलं, कारण व्याजावर व्याज चढू द्यायचं नव्हतं.

पतसंस्थेच्या सचिवांना फोन करायला दादांना आठ दिवस लागले. रोज संध्याकाळी मी विचारायची आणि ते म्हणायचे, उद्या करतो. शेवटी मामांनी फोन हातात घेतला. “गेल्या साली पुरात तुमी सोता घर बघून गेलाय. आत्ता पोराला अर्धा पगार हाय. व्याज देतो, मुद्दल तीन म्हैनं थांबवा.” सचिवांनी लेखी अर्ज मागितला. मुलीनं वहीच्या कागदावर लिहिला आणि त्याचा फोटो पाठवला. मे, जून आणि जुलैला फक्त व्याज भरायचं मान्य झालं, म्हणजे ४,१०० ऐवजी साधारण १,२७०. तीन महिन्यांत साडेआठ हजारांचा श्वास मिळाला. हा फोन २५ मार्चलाच झाला असता तर एप्रिलमध्ये किराणा वहीवर गेला नसता.

भिशी अवघड होती. बारा जण, प्रत्येकी २,०००, दसऱ्याला सुरू झालेली. दादांचा नंबर मे महिन्यात. सगळ्या घराचे डोळे त्या २४,००० वर. पण बारातले पाच जण त्याच मशीनशॉपमधले, म्हणजे त्यांचाही पगार अर्धाच. मी दादांना विचारलं, “मे महिन्यात पैसे कोण घालणार, नावं सांगा.” त्यांनी मोजली. सहा. त्या रात्री भिशीवरची आशा संपली, आणि मला वाटतं तो या सगळ्यातला सगळ्यात उपयोगाचा प्रश्न होता. भिशी मोडली नाही. ज्यांनी आधी उचलली होती त्यांनी मोडू द्यायची नाही असं ठरवलं आणि ती दिवाळीपर्यंत थांबवली. दादांना त्यांचे पैसे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दोन टप्प्यांत मिळाले.

वहिनींनी मास्क शिवले. नगाला चार रुपये, कापड देणाऱ्याचं. इलॅस्टिक मिळेना म्हणून त्याच कापडाच्या नाड्या शिवल्या, त्यात वेळ दुप्पट गेला. दोन महिन्यांत अकराशे नग, ४,४०० रुपये.

रेशन कार्ड

कार्ड केशरी. अन्नसुरक्षा यादीत नाव नाही, त्यामुळे केंद्राचं मोफत धान्य नाही. राज्य सरकारनं केशरी कार्डवाल्यांना मे आणि जूनसाठी माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी द्यायचं ठरवलं होतं. सहा माणसांना अठरा किलो गहू आणि बारा किलो तांदूळ, सगळे मिळून २८८ रुपयांत. मी हे सांगितलं तेव्हा आत्ती गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “रेशनच्या लायनीत आमच्यातलं कोण आजवर उभं ऱ्हायलं न्हाई.” दोन दिवसांनी त्याच स्वतः पिशवी घेऊन निघाल्या.

धान्य चार जणांचं मिळालं. कार्डावर धाकट्या मुलाचं नाव नव्हतं आणि वहिनींचंही नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झालेली. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केलेलं, सासरच्या कार्डावर चढवायचं राहून गेलेलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. गरज पडली नाही म्हणून राहिलं.

माझ्या लक्षात उशिरा आलेली गोष्ट

मे महिन्याच्या अखेरीस मी खुशीत होते. वही जुळत होती. किराण्याचा खर्च ५,००० वरून ३,४०० वर आलेला. रविवारचं मटण बंद होऊन अंडी आली होती आणि त्यावर घरात मोकळेपणानं हळहळ झाली. ज्या शहरात २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आंदोलन झालं तिथं हे साहजिक होतं. दूध दीड लिटरवरून अर्ध्यावर आणलं, तेही सांगून-सवरून. मामांना आणि मुलांना दूध, बाकीच्यांना कोरा चहा. चटणीसाठी डंक, म्हणजे मिरची कुटायची गिरणी, बंद होता, म्हणून पाच किलोऐवजी दोन किलो मिरची आणून मिक्सरवर जमेल तशी केली. गेल्या वर्षीची चटणी पुरात गेली आणि या वर्षीही आत्तींच्या मनासारखी चटणी झाली नाही, याचं त्यांना पाटल्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

पण शाळूच्या पिठाचा आकडा मला खटकला. मटण आणि दूध कमी केलं तर भाकरी वाढायला हवी. इथं पीठही कमी लागत होतं. मी वहिनींना विचारलं, सकाळी किती भाकरी करता? पूर्वी चौदा, आता अकरा. कोण कमी खातंय? “सगळीच जरा कमी.” तेवढ्यात मागून मुलगी बोलली, “आई रातचं जेवतच न्हाई. भूक लागंना म्हणती.”

फोनवर कुणी काही बोललं नाही.

सहा आठवडे रोज आम्ही हप्ते, व्याज आणि भिशी मोजत होतो. घरातली सगळ्यात मोठी कपात वहिनींच्या ताटातून झाली होती आणि ती कोणत्याच रकान्यात नव्हती, कारण मी तसा रकाना आखलाच नव्हता. दिवसभर मास्क शिवायचे, सहा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक, सासऱ्यांची औषधं, आणि रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलं तर खायचं. जून महिन्यात महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघालं. पीएफमधले दहा हजार तेव्हा काढायला हवे होते असं मी वर म्हटलं, ते यामुळे. मामांच्या म्हातारपणाच्या काठीसाठी सुनेच्या पोटाला चिमटा बसत होता आणि हे मामांनाही माहीत नव्हतं. कळलं तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं, वहिनींसकट, आणि शेवटचं वाढणं दादांनी करायचं. सुरुवातीला आत्तींना हे पटलं नाही, मग त्याच सुनेचं ताट आधी घ्यायला लागल्या. आणि दूध एक लिटर केलं. महिन्याला आठशेचा खर्च वाढला. त्यासाठी पतसंस्थेच्या बाबतीत घेतलेला श्वास वापरला.

परिणाम

जूनमध्ये वीज बिल आलं ४,३०० रुपयांचं. मार्चअखेरपासून मीटर वाचलं गेलं नव्हतं, मधली बिलं सरासरीची होती. दादा भांडायला निघाले होते. आम्ही आधी युनिट महिन्यांत भागून पाहिले. स्लॅब महिन्यांप्रमाणे लावला होता, हिशोब बरोबर होता. घरात दिवसभर सहा माणसं, दोन पंखे आणि टीव्ही चालू, त्याचं ते बिल होतं. तीन हप्त्यांत भरलं.

किराण्याची उधारी मे अखेरीस ७,२०० वर गेली होती, ऑगस्ट अखेरीस २,६०० वर आली. खुंटीवरचे अकरा ब्लाउज जुलैपर्यंत एकेक करत गेले. मुलीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, त्याचे गुण सरासरीनं मिळाले. २९ जुलैला निकाल लागला, ८३ टक्के. अकरावीच्या ऑनलाइन तासांसाठी मोबाइल लागणार होता, त्यासाठी मामांनी आपणहून पीएफचा विषय काढला. दादांनी १२,००० काढले. ऑगस्टपासून पतसंस्थेचा पूर्ण हप्ता सुरू झाला. पाटल्या आत्तींच्या हातात आहेत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली. या वेळी धान्य, चटणीची बरणी, मशीनची मोटर आणि कागदपत्रांची पिशवी आधीच माळ्यावर होती.

पुन्हा अशी वेळ आली तर

ज्यांचं देणं आहे त्यांना पहिल्याच दिवशी फोन करायला सांगेन, पैसे असताना. शिल्लक संपल्यावर मागितलेली मुदत आणि शिल्लक असताना मागितलेली मुदत यात फार फरक पडतो. फोन कुणी करायचा हेही ठरवेन. दादांना जे आठ दिवस जमलं नाही ते मामांनी चार मिनिटांत केलं, कारण मामांना स्वतःसाठी मागायचं नव्हतं.

भिशीच्या बाबतीत “कोण घालणार, नावं सांगा” हा प्रश्न मी एप्रिलच्या आधी विचारेन.

पीएफबद्दल मी अजून ठाम नाही. मामांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण नकार आल्यावर ते पैसे मग कुठून येणार, हे मी त्याच बैठकीत विचारायला हवं होतं. मी ते विचारलं नाही, आणि वहिनींनी न बोलता उत्तर देऊन टाकलं.

रेशन कार्डावर वहिनींचं आणि मुलाचं नाव चढवायला पुरवठा कार्यालयात तीन फेऱ्या पडल्या. नाव चढलं त्या दिवशी त्यांनी मला कार्डाच्या पानाचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

त्यानंतर मी ज्या घरांचे हिशोब बघते त्या सगळ्या वह्यांत डाव्या बाजूला एक अरुंद रकाना आखते. त्यात रोज फक्त एक आकडा लिहायचा: आज भाकरी किती झाल्या.